छताला टांगायच्या वस्तू

३ मार्च, मंगळवार

सहाला उठलो. चहा, दोन ब्रेड. पेपर वाचला. दहाला लेकीचा फोन. तिला हिची सायकल हवी आहे. २९ तारखेला, रविवारी, येऊन घेऊन जाईन म्हणाली. मी म्हणालो, जरूर ने. मला काय करायची आहे? मी सहा फूट. सायकल लेडीज, सीट खाली.

फक्त सध्या ती बाहेर काढता येत नाही. गॅरेजमध्ये भिंतीला टेकून हिची सायकल, तिच्यापुढे माझी, आणि दोन्हींच्या पुढे शिडी. लेक म्हणाली, आई तर रोज सकाळी काढायची. मी म्हणालो, ते वेगळं. काय वेगळं, ते तिनं विचारलं नाही. बरं झालं.

निर्णय: वस्तू जमिनीवर ठेवणं हीच मूळ चूक आहे. दोन्ही सायकली आणि शिडी छताला टांगायच्या. मी एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. साडेचार हजार वस्तू होत्या, एक हरवली नाही. इथे तीन आहेत. रविवार ८ मार्चपर्यंत काम पूर्ण.

ही वही फक्त या कामासाठी. इतर काही लिहायचं नाही.

हिला जाऊन सात महिने झाले. त्याचा गॅरेजशी संबंध नाही. तारीख लक्षात राहावी म्हणून लिहिलं.

४ मार्च, बुधवार

मेजरमेंट घेतलं. गॅरेज दीड गाडीचं. गाडी आतच आहे, बॉनेट दाराकडे. मी गाडी नेहमी उलटी आत घालतो, म्हणजे निघताना सरळ निघता येतं. स्टोअरची सवय.

मोठं दार एका अखंड पत्र्याचं. खालून उचललं की वर सरकत जातं आणि छताखाली आडवं बसतं. ते बंद ठेवूनच मापं घेतली. दार उघडं दिसलं की शेजारचे इन्स्पेक्टर येतात. ते खरे इन्स्पेक्टर नाहीत, टपाल खात्यातून निवृत्त झालेत. नाव हिनं ठेवलं. कुणाच्याही दारात काही चाललं असलं की कमरेवर हात ठेवून पाहणी करतात, म्हणून.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये यायला एक छोटं दार आहे, त्यातून ये-जा केली. त्याला लॅच आहे, पण गॅरेजच्या बाजूची मूठ दोन वर्षांपूर्वी निघाली. दार मागे लागलं तर माणूस गॅरेजमध्येच राहील, म्हणून ही आपली एक जुनी चप्पल फटीत अडकवून ठेवत असे. अजून तिथेच आहे. मूठ आणायची आहे. या कामानंतर.

निष्कर्ष: छत संपूर्ण मोकळं. इतकी जागा इतकी वर्षं वाया गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

५ मार्च, गुरुवार

खिळ्यांच्या डब्यामागे हुकांचं पाकीट सापडलं. सहा नग, न उघडलेलं. छताला बसवायचे हुक. पाच वर्षांपूर्वी हिनं आणलेले. पाकिटावर हिच्या अक्षरात लिहिलंय: ‘गॅरेज. रविवारी.’

कोणता रविवार, ते लिहिलेलं नाही. त्यामुळे काम लांबलं असं म्हणता येणार नाही.

हुक उत्तम आहेत. प्रत्येकाला खटका आहे. वस्तू आत सरकली की खटका आपोआप बंद. काढताना वर जाऊन अंगठ्यानं दाबावा लागतो. एकदा गेलेली वस्तू चुकूनही खाली येणार नाही. मला हे फार आवडलं.

शिडीचं थोडं. बारा पायऱ्यांची, लाकडी. कारखान्यात भंगारात निघाली तेव्हा मी आणली. हिच्या डाव्या नडगीवर शिडी लागून नेहमी एक काळानिळा डाग असे. एक बरा होत आला की दुसरा. मलम मी आणून देत असे. मलमाच्या बाबतीत मी कधी दिरंगाई केली नाही.

७ मार्च, शनिवार

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. चालत, कारण लांब नाही. दोर, दोन कप्प्या, ड्रिलचं पातं. दुकानदार म्हणाला, काका, काय टांगताय? सांगितलं. म्हणाला, एकट्यानं करू नका हो, याला दोन माणसं लागतात, एक वर, एक खाली. मी म्हणालो, कप्पी असली की एक माणूस पुरतो, दुसरा नुसता सल्ले देतो. तो हसला. मग विचारलं, काकू दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत, बऱ्या आहेत ना?

मी म्हणालो, बऱ्या आहेत.

मागे तीन गिऱ्हाईकं उभी होती. सविस्तर सांगत बसलो असतो तर त्यांचा खोळंबा झाला असता.

८ मार्च, रविवार

काम झालं नाही. रविवार हा विश्रांतीचा वार आहे, हे प्लॅनमध्ये धरायचं राहिलं. नवी तारीख: १५ मार्च.

१० मार्च, मंगळवार

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, शिडीवर चढायचं नाही हं, गुडघ्याचं माहीत आहे ना? कबूल करा. कबूल केलं.

दुपारी सहा भोकं पाडली. फक्त सातव्या पायरीपर्यंत गेलो. बारा पायऱ्यांच्या शिडीवर सात पायऱ्या म्हणजे चढणं नव्हे. अर्ध्याच्या थोडं वर.

हुक बसले. लोंबकळून पाहणार होतो, पण त्याची गरज वाटली नाही.

१२ मार्च, गुरुवार

माझी सायकल वर. मागच्या बाजूला, भिंतीजवळ, उलटी, दोन्ही चाकं हुकात. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. कप्पी उत्तम चालते. पाठीत थोडी उसण भरली, ती बसण्याच्या पद्धतीमुळे.

१३ मार्च, शुक्रवार

हिची सायकल वर.

आधी पुसली. दोन तास लागले. धूळ हे अनावश्यक वजन आहे. सीटला ही पावसासाठी प्लास्टिकची पिशवी गाठ मारून बांधत असे. ती गाठ मला सुटली नाही, म्हणून तशीच ठेवली. पुढच्या टोपलीत एक केसांची पिन होती. यादीत नाही. खिशात ठेवली.

जागा: पुढे, बॉनेटच्या वर, ट्यूबलाइटखाली. म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून सरळ दिसते. वजनाचा समतोल साधण्यासाठी तीच जागा योग्य.

उलटी टांगताना घंटी एकदा वाजली. आपोआप.

१४ मार्च, शनिवार

आज शिडी. हे सगळ्यात अवघड काम, कारण शिडी वर नेताना शिडी वापरता येत नाही. मी मात्र आधीच विचार केला होता. दोन्ही टोकांना दोर, दोन कप्प्या, खालूनच ओढायचं. आळीपाळीनं एकेक हात ओढत गेलो. वर गेली, खट, खट, दोन्ही खटके बंद. दोर काढून घेतले. गाडीच्या टपाच्या वर सरळ रेषेत शिडी, बाजूला सायकल. जमीन मोकळी.

एक दिवस आधी काम पूर्ण.

वस्तूंचं कार्ड करून दाराशी लावलं, स्टोअरमध्ये प्रत्येक रॅकला असायचं तसं. वस्तू, नग, जागा. जेन्ट्स सायकल, एक, छत. लेडीज सायकल, एक, छत. शिडी, एक, छत. शेवटचा रकाना ‘बाहेर दिली’, तो कोरा.

लेकीला फोन करून सांगितलं. म्हणाली, वा. मग म्हणाली, पण मला न्यायची आहे ना, बाबा, मग वर कशाला टांगली? मी म्हणालो, शिस्त म्हणून.

१६ मार्च, सोमवार

सकाळी बँकेत जायचं होतं. गाडी काढायला मोठं दार उचललं. वीतभर वर आलं आणि अडलं. घंटी वाजली.

पुन्हा उचललं. वीतभर. घंटी.

दार उघडलं की छताखाली आडवं बसतं, हे ४ तारखेला मी स्वतः लिहिलंय. आज वाचलं. दाराची वरची कड हिच्या सायकलच्या हँडलला लागते. ती नसती तर शिडीला लागली असती.

घाबरण्यासारखं काही नाही. शिडी घ्यायची, वर जायचं, खटके दाबायचे, सायकल खाली.

संध्याकाळी लक्षात आलं की शिडी वर आहे.

१७ मार्च, मंगळवार

परिस्थितीचा शांतपणे विचार केला. गाडी आत आहे, सुरक्षित आहे. गेल्या महिन्यात ती दोनदाच काढली होती. चालणं हृदयाला चांगलं. बँक पावणेदोन किलोमीटर. गेलो. आज बंद होती.

१९ मार्च, गुरुवार

ब्रेड, दूध, औषधं, सगळं चालत. इन्स्पेक्टर फाटकात उभेच होते. गाडी दिसत नाही हो तुमची? मी म्हणालो, सर्व्हिसिंग चालू आहे. कुठल्या गॅरेजला दिली? मी म्हणालो, आमच्याच. ते म्हणाले, मेकॅनिक घरी येतो? किती घेतो? नंबर द्या की. मी म्हणालो, तो कुणालाही नंबर देत नाही. चार पावलं सोबत आले. म्हणाले, रोज सकाळी तुमच्या गॅरेजमधून घंटी ऐकू येते. आमची ही म्हणते, भास होतो तुम्हाला.

दार रोज एकदा उचलून पाहतो. कदाचित सैल होईल.

इन्स्पेक्टरांकडे शिडी आहे. पण मागितली तर कारण सांगावं लागेल. शिवाय मोठं दार उघडत नाही, आणि स्वयंपाकघरातून आणायची तर फ्रीजपाशी ती वळणार नाही. मोजून पाहिलं. हा मार्ग बंद.

२१ मार्च, शनिवार

प्रयत्न पहिला: टेबल, त्यावर खुर्ची. खुर्चीवर एक पाय ठेवला आणि विचार बदलला.

प्रयत्न दुसरा: बॉनेटवर उभा राहिलो. हात खटक्यापासून हातभर खाली. बॉनेटला पोचा पडला. टपावर चढलो असतो तर हात पोचला असता, पण टपावरून पडलो तर मी गाडी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडेन आणि मला तिथून कुणी काढू शकणार नाही. मोजून पाहिलं.

समाधानाची गोष्ट: लेकीला दिलेला शब्द पाळला जातोय. शिडीवर चढायचं मनात आणलं तरी शक्य नाही.

२३ मार्च, सोमवार

लेकीचा फोन. रविवारी सकाळी येते म्हणाली, बसनं. परत सायकलवरच जाणार. तासाभराचं तर अंतर. मी म्हणालो, एप्रिलमध्ये ये ना, हवा बरी असेल. ती म्हणाली, हवा आत्ताही बरीच आहे. मी म्हणालो, टायर तपासायला हवेत. ती म्हणाली, तपासा की, सहा दिवस आहेत. मी म्हणालो, घाईनं काम बिघडतं.

ती म्हणाली, बाबा, द्यायची नसेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही. पण तसं सांगा.

मी म्हणालो, आवाज तुटतोय. तुटत नव्हता.

२५ मार्च, बुधवार

छतावरच्या वजनाची पाहणी दिवसातून तीनदा करायचं ठरवलंय. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. खाली उभं राहून मान दुखते, म्हणून गाडीत बसून करतो. ड्रायव्हरच्या सीटवरून काचेतून वर पाहिलं की हिच्या सायकलचं हँडल, टोपली आणि अर्धं पुढचं चाक दिसतं. चाक कधी कधी थोडंसं फिरतं. हवा कुठून येते कळत नाही.

आज चहाही तिथेच घेतला. गाडी बाहेर काढायची गरज भासली नाही. शेजारच्या सीटचा बेल्ट लावून ठेवला, लोंबत होता.

दुपारच्या पाहणीला दोन तास लागले. काही दोष आढळला नाही.

२८ मार्च, शनिवार

उद्या लेक येणार. घर आवरलं. गॅरेज झाडलं. प्रत्येक वस्तू जागच्या जागी. रॅकमध्ये हिच्या एका चपलेची जागा मोकळी होती, ती दारातली चप्पल तिथे नेऊन ठेवली. आता जोडी पूर्ण.

लेकीला सांगायचं ठरलं ते असं: सायकल काढायला विशिष्ट उपकरण लागतं, ते मागवलंय, यायला तीन-चार महिने लागतील. वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. खरं वाटतं.

२९ मार्च, रविवार

सकाळी ६.४०. चहा घेऊन सकाळच्या पाहणीला आलो. मागे दार लागलं. चप्पल रॅकमध्ये आहे.

६.५०. स्थिती: मी आत, गाडी आत, शिडी वर. फोन स्वयंपाकघरात, गाडीची चावी स्वयंपाकघरात, मूठ दुकानात. माझ्याजवळ ही वही, पेन्सिल, अर्धा कप चहा, खिशात केसांची पिन आणि हुकांचं रिकामं पाकीट. पाकीट खिशात का आहे माहीत नाही. गेले काही दिवस असतं.

काळजीचं कारण नाही.

७.०५. लॅचमध्ये पिन घालून पाहिली. पिन वाकली. सरळ केली, पुन्हा खिशात ठेवली. तिला जास्त वापरायचं नाही.

७.३०. दाराला खांदा लावला. दार मजबूत आहे. मीच बसवून घेतलं होतं.

७.५०. आत फोन वाजतोय. लेकीचा असणार, निघताना करते. सोळा वेळा वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

८.००. हॉर्न चावीशिवाय वाजत नाही. वाजवून पाहिलं.

८.१५. ओरडायचा विचार केला. ते स्वभावात नाही. शिवाय काय ओरडणार? माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या गाडीशेजारी उभा राहून कुणाला हाक मारणार? मी सात महिने कुणाला हाक मारलेली नाही. घरात हाक मारायला कुणी नसतं, एवढंच त्याचं कारण.

८.२५. मोठं दार वीतभर उचललं. घंटी वाजली. सोडलं. उचललं. घंटी. असं करत राहिलो. ही कामावरून येताना कोपऱ्यावर दोनदा घंटी वाजवायची, म्हणजे मी चहाचं आधण ठेवावं. दोनदा वाजवून थांबलो, परत दोनदा वाजवली.

दुपारी २.३०. पुढचं आता लिहितोय, घरात, टेबलाशी बसून.

घंटी ऐकून इन्स्पेक्टर आले. धावत आले असावेत, दाराखालच्या फटीतून त्यांचे पाय दिसले, अनवाणी. मला वाटलं आता म्हणतील, काय स्टोअरकीपर, स्वतःच स्टॉकमध्ये जमा झालात की काय. ते नुसत्याच धापा टाकत होते. मग म्हणाले, घंटी ऐकली, दोनदा, तशीच. मला वाटलं वहिनी... आणि गप्प झाले. इतका वेळ गप्प बसलेले इन्स्पेक्टर मी प्रथमच ऐकले.

मग खाली वाकले. फटीत आधी दाढी आली, मग एक डोळा. आत कोण आहे? मी म्हणालो, मी. काय चाललंय? म्हणालो, पाहणी. डोळा वर गेला, सायकल पाहिली, शिडी पाहिली, दाराची कड पाहिली. सगळं त्यांच्या लक्षात यायला दहा सेकंद लागले. मला दोन दिवस लागले होते. पण ते हसले नाहीत. म्हणाले, पाणी हवं का? बाटली फटीतून आडवी सरकवली.

लेकीनं वाटेत बसमधून त्यांनाच फोन केला होता, बाबा उचलत नाहीत म्हणून. ती दहाला आली. इन्स्पेक्टरांनी तिला थेट गॅरेजपुढे आणलं. मला तिचे बूट दिसले. मग ती खाली बसली. फटीतून तिचा एक हात आणि बॅगेचा पट्टा दिसत होता.

म्हणाली, बाबा, लागलं-बिगलं नाही ना? म्हणालो, नाही. किती वेळ आहात आत? म्हणालो, थोडाच. इन्स्पेक्टर म्हणाले, घंटी साडेआठच्या सुमारास वाजली, पण आत केव्हापासून आहेत ते विचार. तिनं पुन्हा विचारलं नाही. म्हणाली, काका, जरा घरी जाता का, मी बोलावते. ते गेले. फाटकापर्यंतच गेले, पाय दिसत होते.

मी म्हणालो, सायकल काढायला विशिष्ट उपकरण लागतं. ते मागवलंय.

ती म्हणाली, बाबा.

मी म्हणालो, तीन-चार महिने लागतील.

ती म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. हॉस्पिटलमध्ये आई म्हणाली होती, सायकल तू ने. लगेच ने. नाहीतर तुझे बाबा ती कुठेतरी नीट ठेवून देतील.

मी म्हणालो, कधी म्हणाली? म्हणाली, तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात तेव्हा. हसत होती सांगताना. म्हणाली, इतकी नीट ठेवतील की पुन्हा कुणाला चालवता यायची नाही.

मी वर पाहिलं. खरोखर नीट ठेवली होती.

खिशातलं हुकांचं पाकीट काढलं आणि फटीतून तिच्याकडे सरकवलं. तिनं उचललं. तिला अक्षर ओळखू येतं. मी म्हणालो, पाच वर्षं झाली. त्यात दर आठवड्याला एक रविवार येत होता. हे मी आधी कुणाला सांगितलेलं नाही, या वहीलाही नाही. म्हणालो, ती सांगत होती. मी ऐकत होतो. मी मलम आणत होतो.

लेकीनं फटीतून हात आत घातला. मी धरला. दार खाली येऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं उचलून धरलं होतं, त्यामुळे घंटी मधूनमधून वाजत होती. तसेच बसलो. हात दुखायला लागला तेव्हा सांगितलं.

तिच्याकडे घराची चावी होतीच. आतून आली, दारात माझी चप्पल अडकवली, बूट काढले आणि थेट गाडीच्या टपावर. मी म्हणालो, फटीत पडशील. ती म्हणाली, मग तुम्ही मोजून काढाल. अंगठ्यानं खटके दाबले. शिडीचं एक टोक खाली, मी धरलं, मग दुसरं. मग सायकल. बाहेरून इन्स्पेक्टर फटीत डोळा लावून डावीकडे, डावीकडे म्हणत होते. डावीकडे भिंत होती. सगळं मिळून चार मिनिटं. उपकरण: लेक.

मोठं दार पूर्ण उघडलं. आत फार उजेड आला. बॉनेटवरचा पोचा तिनं पाहिला, माझ्याकडे पाहिलं. टपाला आता दुसरा पोचा आहे.

चहा झाला. टायरमध्ये हवा भरली. मी म्हणालो, थांब, पाना आणतो, सीट तुझ्यासाठी वर करू. ती बसून पाहत म्हणाली, राहू द्या, बरोबर बसते मला. लेक हिच्याएवढीच आहे. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

प्लास्टिकची पिशवी तिनं सोडली. गाठ एका हातानं सुटली. पिन मी दिली नाही. ती यादीत नव्हती.

जाताना तिनं कोपऱ्यावर दोनदा घंटी वाजवली. इन्स्पेक्टर फाटकात उभे होते, घरात गेले. मी आत येऊन आधण ठेवलं, मग बंद केलं.

कार्डावर ‘बाहेर दिली’ या रकान्यात तारीख लिहिली.

३० मार्च, सोमवार

सहाला उठलो. चहा. ब्रेड संपलाय. आणायला जायचं म्हणून गॅरेजमध्ये गेलो. चप्पल दारात लावली होती, हिची, पुन्हा.

मोठं दार उघडलं. सरळ वर गेलं, आवाज झाला नाही.

शिडी काल घाईत गाडीपुढे बाजूच्या भिंतीला तिरकी टेकवलेली राहिली होती. ती हलवल्याशिवाय काही बाहेर काढता येत नव्हतं. उचलली. खालचा पाय फिरला आणि नडगीवर लागला. डाव्या. थोडा वेळ गाडीला टेकून उभा राहिलो.

मग शिडी उचलून बाजूला ठेवली. जड आहे.